वल्ह्याला लावलेलं तेल

तानुकाकी अंगानं काटकुळी, पण तोंडाची अशी तिखट की अख्खी भोईगल्ली तिला वचकून असायची. नवरा लिंबाजी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, नाव चालवायचा. अलीकडे आमचं गाव, पलीकडे गंगाखेड. काकीनं जाळं विणावं, मासे निवडावेत, नावेतलं पाणी उपसावं. त्याला गंगेची हरकत नव्हती. वल्ह्याला मात्र हात लावायचा नाही. बाईनं वल्हं धरलं की गंगा कोपते, असं जुन्या भोयांनी ठरवून ठेवलं होतं.

पोलीस ॲक्शनच्या दोन वर्षं आधी, भादव्यात, लिंबाजीच्या तळहातात माशाचा काटा मोडला. हात खांद्यापर्यंत सुजला, अंग तापानं फणफणलं. दवाखाना पलीकडे, गंगा चढलेली, आणि बाकीचे भोई सेलूकडे मयतीला गेलेले. काकीनं नवऱ्याला नावेत निजवलं. आता नेम मोडायचा होता. तिनं वल्ह्याच्या मुठीला हळद-तेल माखलं आणि गंगेची माफी मागितली. तिथंच घात झाला.

मधल्या धारेत वल्हं हातातून निसटायला लागलं. निसटतंय म्हणून ती आवळायची, आवळलं की हातात गोळे यायचे, आणि नाव वाहत खाली जायची. गंगाखेडचा घाट डोळ्यांदेखत मागे पडला.

"अवो, मला न्हाई जमायलं," ती रडत म्हणाली.

लिंबाजी डोळे मिटूनच बोलला, "आदी पदरानं तेल पूस. मंग जात्याचा खुंटा धरतीस तसं धर. आवळू नगं. बोटं नुसती अडकव, जोर पाठीचा लाव."

खुंटा कोण आवळून धरतं? हात सोलून निघेल. तिनं मूठ पुसली, बोटं सैल अडकवली, पाठ मागे टाकली. हळूहळू गोळे उतरले. वल्हं पाणी कापायला लागलं, नाव काठाकडे वळली. पण लागली ती घाटाच्या पार खाली, चिखलात. बैलगाडी मिळून दवाखाना गाठेपर्यंत लिंबाजीची शुद्ध हरपली होती. दिवस मावळायच्या आत तो गेला.

गावानं निकाल देऊन टाकला, बाईनं वल्हं धरलं म्हणून गंगा कोपली. तेराव्याला जेवायला बसलेले भोईही तेच कुजबुजत होते. काकी वाढता वाढता थांबली.

"गंगा कशाला कोपंल? लगीन होऊन आले तवाच माज्या हातात वल्हं दिलं असतं, तर माजा धनी आज जिता ऱ्हायला असता."