तिसऱ्या हाकेला ओ

त्या भुताच्या सिनेमाचा पहिला भाग मी एकट्यानेच पाहिला होता. दुसऱ्याला आप्पांना घेऊन गेलो. डोळे तपासायला माझे वडील इगतपुरीहून नाशिक रोडला आले होते, डॉक्टरांनी संध्याकाळची वेळ दिली होती, दुपार मोकळी होती. पोस्टरवर बाप आणि मुलगा पाठमोरे उभे. आप्पा म्हणाले, "हाच दाखव."

"भुताचा आहे."

"मग? घाटात गँगमन होतो मी. रूळ तपासत जन्म गेला. भुतं मला वळखतात."

गोष्ट साधीच होती. पहिल्या भागात बापाला धरलेलं भूत आता मुलाच्या मागे लागलं होतं. मध्यंतरानंतर ते दाराबाहेरून, बापाच्या आवाजात, मुलाला हाक मारतं. मुलगा कडी काढायला उठतो. सगळं थिएटर चिडीचूप. आणि माझ्या शेजारून आप्पा ओरडले, "ओ देऊ नको रं! एकच हाक हाय ती!"

"आजोबा, त्याला मराठी येत नाही!" मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. माझे कान तापले.

"गप बसा आप्पा," मी म्हणालो. "हा अडाणीपणा आता तरी सोडा."

मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो. ते मुद्दामच होतं.

आमच्या घरचा तो नियम. बाहेरून हाक आली तर तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. भूत दोनदाच बोलावतं, तिसरी हाक माणसाची. या नियमापायी कॉलेजच्या पहिल्याच दिवशी माझी गैरहजेरी लागली. सरांनी नाव एकदा घेतलं आणि पुढे गेले. पुढे बी.एस्सी. झालो, घराण्यातला पहिला. त्याचा मला आजही अभिमान आहे. हाकांची भानगड तेव्हाच सोडली.

पडद्यावरच्या मुलाने दार उघडलं. थिएटर किंचाळलं. आप्पा मांडीवर हात ठेवून खाली बघत होते.

बाहेर चहाच्या टपरीवर ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. शेवटी मीच विचारलं, "रागावलात?"

त्यांनी चहा संपवला. "पावसाळ्यात घाटात धुकं असतं. आवाज कुठून येतो, एका हाकेत कळत नाय. आमचा एक गडी पहिल्याच हाकेला निघाला. हाक या लायनीवरून होती, तो त्या लायनीवर गेला. गाडी आली."

आमचं क्वार्टर रुळांना लागून होतं. आम्ही भावंडं तिथेच खेळायचो.

"मग भूत कशाला सांगितलंत?"

"भूत म्हटलं की पोरं ऐकतात. गाडी म्हटलं की नाय ऐकत."

"मोठा झाल्यावर तरी सांगायचं."

"मोठा झालास तवा तू शिकलेला होतास."

ग्लास ठेवून ते दवाखान्याकडे चालू लागले. मी मागे राहिलो. चहाचे पैसे दिले. रस्त्यात गर्दी होती, त्यांची टोपी तेवढी दिसत होती.

"आप्पा!"

ते चालतच राहिले.

"आप्पा!"

टपरीवरचे लोक बघायला लागले. ऑफिसातलं कोणी असेल, हे मनात आलंच. ऐकू आलं नसेल, की ओ द्यायचीच नसेल? मी अजून एकदा, पोटातून हाक मारली.

"ओ," आप्पा म्हणाले, आणि मी पोचेपर्यंत थांबून राहिले.