गोफणीचा हात

सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून टाकतात, हे लोकांना पटवण्यात माझी नोकरीची पहिली काही वर्षं गेली. धरणगावजवळच्या एका गावात मी शाळेत खेळाचा शिक्षक होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आणि गावाला खेळ म्हणजे कबड्डी नाहीतर क्रिकेट. "खालून टाकायला काय ताकद लागते हो?" असं आमचे गणिताचे सर चहा पिताना विचारायचे. मी म्हणायचो, बॅट घेऊन मैदानावर या. ते कधी आले नाहीत.

आले असते तर मी त्यांना माझ्या संघातल्या एका मुलीसमोर उभं केलं असतं. ती दहावीत होती. अंगाने काटकुळी, बोलायला मुखदुर्बळ, पण चेंडू असा टाकायची की पहिल्याच दिवशी समोर पकडणाऱ्या मुलीने ग्लोव्ह काढून हात झटकला आणि म्हणाली, "सर, मी नाही पकडणार." मला तर आभाळ ठेंगणं झालं. अशी मुलगी आपल्या नशिबात आयती चालून आली, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलंसुद्धा.

खोट दिसायला आठवडा लागला. या खेळात चेंडू टाकणाऱ्याचा हात रहाटासारखा अंगाच्या कडेने वरून खाली फिरतो आणि चेंडू कमरेशी सुटतो. सुटताना कोपर अंगाला लागून हवं. हात अंगापासून लांब गेला की पंच तो चेंडू बेकायदा ठरवतात, आणि समोरच्या संघाच्या पळणाऱ्या मुलींना एकेक बेस, म्हणजे धावेचा पुढचा टप्पा, फुकट मिळतो. हिचा हात सुटताना हमखास बाहेर जायचा. जळगावला जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही जिंकलो, पण सामना संपल्यावर पंच मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, मुलगी सोनं आहे. पण मी दोनदा सोडून दिलं. धुळ्याला कुणी सोडणार नाही. तेवढा हात दुरुस्त करा."

तेवढा हात! जणू सायकलचं पंक्चर.

धुळ्याची विभागीय स्पर्धा दसऱ्यानंतर होती. तिथूनच राज्याच्या संघासाठी मुली निवडणार होते. मी तिच्या वडिलांना भेटायला रविवारी सकाळीच शेतावर गेलो. त्यांना गाव आबा म्हणायचं. ज्वारी दाण्यात आली होती आणि पाखरांचे थवेच्या थवे उतरत होते. शेताच्या मधोमध मचाण, आणि मचाणावर ती. हातात गोफण. डोक्यावरून गोफण गरगर फिरली, हात अंगापासून लांब गेला, एक टोक सुटलं आणि दगड पार बांधापलीकडे जाऊन पडला. सगळे थवे एकदम उठले.

मी तिथेच बांधावर बसलो. मला सगळं कळलं होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता. सातव्या-आठव्या वर्षापासून ही मुलगी मचाणावर उभी राहत होती. तिचा तो वेग गोफणीने दिलेला होता आणि ती खोटही गोफणीनेच. मी संध्याकाळी तासभर जो हात घडवणार, तो ती रोज सकाळी शाळेआधी मोडून येणार होती.

"आबा, महिनाभर हिला गोफण देऊ नका," मी म्हणालो.

आबाने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू बैलांना चष्मा लावायला सांगतोय. "पाखरे काय सुट्टी लेतस का, मास्तर? बठ्ठी ज्वारी खाई जातीन."

पण आबा माणूस वाईट नव्हता. तोच पुढे म्हणाला, "धुळाले निवडाई गई ते जळगावले मामाकडे धाडसू. शिकू दे, खेळू दे. नही ते वावर शेच."

ती मचाणावरून ऐकत होती. तिने पुढचा दगड गोफणीत घातला.

मग मी हात दुरुस्त करायला लागलो. पहिली अडचण अशी की त्या गावात मास्तरने एवढ्या मोठ्या मुलीचा हात धरायचा नसतो. मी मैदानात दहा पावलांवर उभा राहून ओरडायचो, "कोपर आत! आत! अगं, आत म्हणजे पोटाकडे!" ओरडून माझा घसा बसला, कोपर बाहेरच राहिलं. शेवटी मी बायकोला मैदानावर आणलं. तिला सॉफ्टबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी लांबून सांगायचो, ती पोरीचं कोपर धरायची. दुसऱ्याच दिवशी तिने हात टेकले. "अहो, हिचा हात मला धरवत नाही. मीच ओढली जाते. शर्यतीचा बैल धरायला लावताय तुम्ही मला!" मुली हसल्या, खुद्द ती पोरही हसली. मला हसू आलं नाही.

त्यानंतर भिंत. शाळेच्या चुन्याच्या भिंतीला उजवा खांदा जवळ ठेवून तिला उभं केलं. हात सरळ फिरला तर मोकळा फिरेल, बाहेर गेला तर भिंतीवर आपटेल. रोज सराव संपला की मी तिला बोटं दाखवायला सांगायचो. पेरांवर चुना असायचा. पुढे पुढे चुन्याबरोबर रक्तही दिसायला लागलं, तेव्हा मीच भिंत बंद केली. तिने तक्रार केली नव्हती. तिने केली असती तर बरं झालं असतं, मला कुणावर तरी चिडता आलं असतं.

शेवटी मला एक युक्ती सुचली. "गोफण डाव्या हाताने फिरव," मी तिला म्हणालो. "उजवा फक्त चेंडूसाठी राखून ठेव."

तिने ते लगेच मानलं. पहिले दोन दिवस दगड कुठेही जात होते. एक शेजारच्या बैलाला लागला. शेजारी भांडायला आला आणि आबा शाळेत येऊन मला सुनावून गेला, "तुम्हना खेळपायी माले गावमा तोंड दाखवता येस नही." पण डावा हात बसत गेला. आणि उजवा, देवाची शपथ, हळूहळू आत यायला लागला. एका संध्याकाळी तिने सलग चेंडू टाकले आणि प्रत्येक वेळी कोपर अंगाला घासून गेलं. मी आनंदाने टाळी वाजवणार होतो, तेवढ्यात चेंडू पकडणारी मुलगी म्हणाली, "सर, आता काहीच लागत नाही हाताला." तिने ग्लोव्ह काढून तळवा दाखवला. तळवा साधा होता, लाल झालेला नव्हता.

हात सरळ आला तर वेग जायचा, वेग आला तर हात वाकडा जायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एखादं वर्ष हातात असतं तर सरळ हातातही वेग आला असता, हे मला ठाऊक होतं. वर्ष कुणाकडे होतं?

धुळ्याला एस.टी.ने निघालो. आबाही आला, धुतलेली टोपी घालून. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा त्याने सगळ्या मुलींना केळी घेऊन दिली. ती खिडकीशी बसून मांडीवर उजवा हात फिरवल्यासारखा करत होती, कोपर पोटाशी लावून. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

सामन्यात तिने हात सरळ ठेवला. चेंडू संथ येत होते, समोरच्या मुली मारत होत्या, पण आम्हीही मारत होतो. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो आणि त्यांच्या दोन मुली बेसवर उभ्या होत्या, एक तिसऱ्या, एक दुसऱ्या. समोर त्यांची सगळ्यात दणकट मुलगी बॅट घेऊन आली. ती मारणार हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. माझ्या पोरीलाही दिसलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मला तिथून ओरडायची परवानगी नव्हती, आणि असती तरी काय ओरडलो असतो?

तिने जुन्या हाताने चेंडू टाकला. ग्लोव्हचा आवाज साऱ्या मैदानाला ऐकू गेला. बॅट नुसती हवेत फिरली. आणि पंचांनी हात वर केला. बेकायदा. तिसऱ्या बेसवरची मुलगी चालत घरी, म्हणजे धाव पुरी होते त्या जागी, आली आणि बरोबरी झाली. मी पोटावर हात ठेवून तिला खूण केली, कोपर आत. तिने मान डोलावली. पुढचा चेंडूही तसाच गेला. पंचांचा हात पुन्हा वर, आणि त्यांची दुसरी मुलगीही चालत घरी.

आम्ही हरलो. आबा दोरीपलीकडून माझ्याजवळ आला. "काय चुकनं, मास्तर? चेंडू ते सरळ गया."

"चेंडू सरळच गेला, आबा," मी म्हणालो.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि उजव्या हाताकडे बघत म्हणाली, "हात ऐकस नही, सर." ती रडली नाही. संध्याकाळी माइकवरून निवडलेल्या मुलींची नावं सांगितली, तेव्हा आम्ही एस.टी. स्टँडवर होतो आणि तिथपर्यंत आवाज ऐकू येत होता. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

मार्चमध्ये तिने दहावी दिली. पास झाली. आबाने शब्द पाळला, म्हणजे जळगावला पाठवलं नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर, ज्वारी दाण्यात आली असताना, एका सकाळी मी सायकलवरून त्यांच्या शेताकडून चाललो होतो. मचाणावर तीच होती. मी उतरलो. गोफण फिरली, दगड नेमका थव्यात गेला. नेम आता एकदम पक्का होता, पण मला काहीतरी उलटं दिसत होतं. मग लक्षात आलं.

"अगं, अजून डाव्या हाताने?" मी खालून विचारलं. "आता कशाला?"

तिने उजवा हात मागे घेतला, पदराआड. मला पाहून ती खरोखर खूश झाली होती.

"उजवा राखी ठेवेल शे, सर," ती म्हणाली. "तुम्ही सांगेल व्हतं ना. औंदा धुळाले कधी जानं शे?"

शालेय स्पर्धा शाळेतल्या मुलींसाठी असते. तिची शाळा संपली होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिथे सांगायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. ज्वारीवर पाखरं पुन्हा उतरायला लागली होती. ती वाट बघत होती, मी तारीख सांगेन म्हणून.