माझे हे, त्यांचा देव आणि खोक्यांची शेड

कारखाने यायला लागले तशी पिंपरीला खोक्यांची गरज पडायला लागली. तयार माल तेव्हा लाकडी खोक्यांत भरून आगगाडीने जायचा. माझ्या नवऱ्याने हे बरोबर हेरलं. खडकीच्या लष्करी डेपोत ते सुतारखात्यात मुकादम होते. ती पक्की नोकरी सोडून त्यांनी मुंबई रस्त्याच्या कडेला जागा घेतली, पत्र्याची शेड घातली, तेलावर चालणारं इंजिन आणून त्यावर गोल करवत बसवली. शेडला लागून दोन खोल्या होत्या, त्यांत आमचा संसार.

मी नगरकडची. मिशनच्या शाळेत शिकले आणि लग्नाआधी त्याच शाळेत मास्तरीण होते. आम्ही दोघंही ख्रिस्ती घरांतले. पण माझ्या माहेरी प्रभूचं नाव घरात आणि रविवारी देवळात, एवढंच. चारचौघांत ते काढायचं नाही, नव्या वस्तीत तर मुळीच नाही, अशी माझ्या वडिलांची शिकवण होती. आमचे हे वेगळ्याच मुशीतले निघाले.

शेडच्या दाराशी रुळाचा तुकडा टांगलेला होता. सकाळी तो वाजला की माणसं अंगणात जमायची. हे डोक्यावरची टोपी काढायचे आणि मोठ्याने प्रार्थना करायचे. त्यानंतरच इंजिन सुरू व्हायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "ज्याला यायचं त्यानं यावं. ज्याला तेवढ्यात बिडी ओढायची त्यानं खुशाल ओढावी. पगार दोघांना सारखाच." आधी दोन-तीनच जण यायचे. मग हळूहळू सगळेच यायला लागले, कारण प्रार्थनेत त्यांच्या घरच्या गोष्टी असायच्या. कुणाची म्हैस आटली, कुणाची लेक बाळंतपणाला आली, कुणाचा भाऊ साताऱ्याहून येतो म्हणून आलाच नाही. इंजिनचा मिस्त्री मुसलमान होता. तो आपली टोपी तशीच ठेवून, हात पसरून बाजूला उभा राहायचा आणि शेवटी सगळ्यांच्या आधी 'आमीन' म्हणायचा.

शेडमध्ये पाण्याचा रांजण एकच होता. त्यावरून सुरुवातीलाच गडबड झाली. दोन सुतार म्हणाले, "आमचं पाणी निराळं ठेवा, राव. इथं कोणकोण कामाला येतंय."

ह्यांनी रांजणातून गडवा भरला, स्वतः प्यायले आणि म्हणाले, "ज्याच्या नावानं मी ही शेड उघडतो, त्याच्या घरात दोन रांजण नाहीत. मी इथं दुसरा ठेवायचा नाही."

दोघंही निघून गेले. चांगले हात होते ते. ह्यांना वाईट वाटलं, पण रांजण एकच राहिला.

मी हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. बाहेर हा माणूस प्रत्येकाचं दुःख कान देऊन ऐकायचा. घरात आला की थकलेला असायचा. जेवायचा, पवित्र शास्त्र वाचायचा आणि झोपायचा. म्हशीच्या मालकाला जेवढं विचारलं जायचं तेवढंही मला विचारलं जात नव्हतं.

एकदा मी म्हटलं, "शेडमध्ये मला एक टेबल द्या. गिऱ्हाइकांशी बोलेन, चिठ्ठ्याचपाट्या लिहीन. मला इंग्रजी येतं, तुम्हाला अडखळत येतं."

"अगं, त्या धुळीत, पुरुषांच्या घोळक्यात तू कुठं बसतेस?" ते म्हणाले. "तुला घरात काय कमी आहे?"

पुढे पवना नदीच्या पलीकडून, काळेवाडीहून, एक बाई काम मागायला आली. नवरा विहिरीचं काम करताना दरडीखाली गेलेला, पदरात लेकरं. झाडलोट द्या म्हणाली.

"झाडायला माणूस आहे," हे म्हणाले. "हातोडा धरता येईल?"

"खडी फोडलीया सडकंवर," ती म्हणाली. "हातोडा काय नवा न्हाई मला."

तिला त्यांनी ठोकणीवर घेतलं. आमच्याकडे फळ्या कापल्या की त्या ठोकून खोकं उभं करायचं काम म्हणजे ठोकणी, आणि ते काम आजवर पुरुषांचंच होतं. माणसं कुजबुजली. हे दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रभू, ह्या बाईंच्या हाताला यश दे आणि आमच्या जिभांना आवर." कुजबुज थांबली. वर्षभरात ती ठोकणीची मुकादम झाली. नव्या मापाचं खोकं आलं की हे तिला विचारायचे, "काय म्हणता? जमेल का?"

काय म्हणता! तिला अहो-जाहो, आणि मला "अगं, ताट वाढ."

मला धुळीत बसता येणार नव्हतं, आणि ती त्याच धुळीत पदर खोचून बसली होती. दुपारी हे शेडच्या दाराशी उभे राहून तिच्याशी बोलायचे, आणि मी आत भाकरी थापताना त्यांचे शब्द ऐकू येतात का ते बघायची. शब्द असायचे खिळ्यांचे आणि फळ्यांचे. तरी माझ्या भाकरी करपायच्या.

शेजारची किराणावाली मला डोळा मिचकावून म्हणाली, "साहेब लई इचारतात हं तिला." मी तिला गप्प केलं. तसलं काही नव्हतं हे मला पक्कं ठाऊक होतं. असतं तर एक वेळ सोपं गेलं असतं. पापाची तक्रार देवळातल्या पाळकसाहेबांकडे नेता येते. चांगुलपणाची कुणाकडे न्यायची?

मग तो उन्हाळा आला. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक रंगाचा कारखाना. शेडचा निम्म्याहून जास्त माल तिकडेच जायचा. तिथला खरेदीचा साहेब एक दिवस जीपमधून आला आणि अंगणातच उभा राहून म्हणाला, "आता कारखाना आठवडाभर चालणार. आमची लॉरी रविवारीही येईल. खोकी तयार पाहिजेत."

"रविवारी शेड बंद असते," हे म्हणाले.

"तुम्ही जा ना देवळात. माणसं काम करतील."

"माझा मालक मला एक दिवस मोकळा देतो. मी माझ्या माणसांचा कसा काढून घेऊ?"

साहेब हसला. "विचार करा. उद्या कळवा. दुसरे खोकीवाले आहेत."

तो गेल्यावर ह्यांनी इंजिन बंद करायला लावलं आणि सगळ्यांना बोलावलं. मी खिडकीशीच होते. काय मागणी आली ते त्यांनी सरळ सांगितलं.

चाकणकडचा एक सुतार उसळून म्हणाला, "साहेब, तुमचा देव तुमाला सुट्टी देतो. आमच्या चुली कोन पेटवनार?"

"तुझं म्हणणं खरं आहे," हे म्हणाले. "म्हणूनच विचारतोय. मला माझं मन माहीत आहे, तुमचं ऐकायचंय." आणि वळून त्या बाईला म्हणाले, "तुम्ही काय म्हणता?"

तिने हातातला हातोडा खाली ठेवला. मग म्हणाली, "भ्या तर वाटतंयच, साहेब. पर माजी लेकरं मला उजेडी बगत्यात ती रैवारीच. मी रैवार देनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतः जाऊन नकार कळवला. लॉरी यायची बंद झाली. करवत दुपारपर्यंतच चालायला लागली आणि शेडमधला हातोड्यांचा आवाज विरळ झाला. माणूस मात्र त्यांनी एकही काढला नाही. सगळ्यांनी काम वाटून घ्यायचं ठरवलं. चाकणचा सुतारही राहिला.

नकार कळवला त्या रात्री जेवायला बसल्यावर मला राहवलं नाही. ताट पुढे सारून मी म्हटलं, "कारखान्याला नाही म्हणालात. चांगलं केलंत. पण मला विचारलंत का?"

ते चमकले. "तुला काय विचारायचं? तुलाही रविवार पाहिजेच की."

"पाहिजे. पण विचारलंत त्या बाईला. सुताराला विचारलंत, मिस्त्रीला विचारलंत. चूल तर माझीही आहे. मी टेबल मागितलं तर घरात काय कमी आहे म्हणालात. तिनं झाडू मागितला तर हातोडा दिलात."

"तिला गरज होती."

"आणि मला?"

त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यामुळे तर मला जास्तच राग आला. ते हात धुऊन शेडमध्ये गेले. माझ्यापासून उठून पुन्हा तिकडेच!

सकाळी रूळ वाजला. मी खिडकीत जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी गेलेच. ह्यांनी टोपी काढली आणि डोळे मिटण्याऐवजी माणसांकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"मी तुम्हाला रोज सांगतो की देवाच्या घरात दाराबाहेर कुणी उभं राहत नाही. आणि माझ्या बायकोला मी ह्या शेडच्या दाराबाहेर उभं ठेवलं. ती माझ्याहून जास्त शिकलेली. तिनं काम मागितलं, मी दिलं नाही. मी चुकलो. तुमच्यासमोर देवाची क्षमा मागतो आणि तिची मागतो."

मग मिस्त्री म्हणाला, "आमीन," आणि सगळी डोकी खिडकीकडे वळली.

दुसरी कुणी असती तर तिचे डोळे भरून आले असते. माझं डोकं फिरलं. आमचं दोघांचं म्हणून एकच भांडण होतं, तेही ह्यांनी शेडमध्ये नेऊन सगळ्यांना वाटलं! मी खिडकी आपटली. दुपारी म्हटलं, "क्षमा घरात मागता येत नव्हती?"

"अंगणात सगळ्यांना विचारलं आणि तुला नाही, ती चूक अंगणातच केली होती," ते म्हणाले. "घरात मागितली असती तर लपवल्यासारखं झालं असतं." मग थोडे घुटमळले. "टेबल बनवायला सांगितलंय. आंब्याचं लाकूड आहे, चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं. राग गेला नव्हता, पण टेबल मी सोडणार नव्हते.

त्या टेबलावर बसून पहिले काही दिवस मी फक्त रिकामी शेड बघितली. मग पदर खोचून निघाले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची छावणी पिंपरीत होती आणि बराकींमधून कितीतरी धंदे उभे राहत होते. कुणी साबण करायचं, कुणी गोळ्या-बिस्किटं, कुणी पापड. खोकी सगळ्यांनाच हवी होती, पण लहान आणि थोडी थोडी, म्हणून मोठे खोकीवाले त्यांच्याकडे बघत नसत. मी उन्हातून दारोदार फिरले. माझ्या शाळेतल्या हिंदीवर त्या बायका हसायच्या आणि बसायला पाट द्यायच्या. एका साबणवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "इतवार को दोगे?" मी म्हटलं, "नहीं. शनिवार को दो दिन का देंगे." तो म्हणाला, "ठीक है, बेटी," आणि पहिली मागणी मिळाली. पावसाळा संपेपर्यंत करवत पुन्हा दिवसभर फिरायला लागली.

देवळात उपासनेनंतर पाळकसाहेबांनी ह्यांना साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं केलं. हे म्हणाले, "आम्ही रविवार प्रभूला दिला आणि प्रभूनं आम्हाला नवी गिऱ्हाइकं दिली." मंडळी गदगदली. मी बायकांच्या बाकांवर बसून दातओठ खात होते. ऊन मला लागलं होतं! घरी जाताना मी तसं बोलून दाखवलं, तर हे रस्त्यात थांबून खो खो हसले आणि पुढच्या रविवारी पुन्हा उभे राहून म्हणाले, "प्रभूनं गिऱ्हाइकं माझ्या बायकोच्या पायांनी आणली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या बाईशी माझं हळूहळू जमलं, म्हणजे कामापुरतं. ती हाताने मापं घ्यायची आणि मी लिहायची. दोन वर्षांनी तिने सांगितलं की काळेवाडीत आपल्या जागेत ती स्वतःची ठोकणी सुरू करणार. मला वाटलं हे समजूत घालतील, थांबवतील. ह्यांनी तिला आमचे दोन सुतार दिले आणि वर म्हणाले, "साबणवाल्यांचं लहान काम ह्या बाईंना देऊ या. आपल्याला मोठं पुष्कळ आहे." साबणवाला माझा होता. दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. मग म्हाताऱ्याकडे जाऊन मीच सांगून आले, कारण दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं.

तिच्या छपराच्या शुभारंभाला आम्ही दोघं होडीतून नदीपलीकडे गेलो. तिने नारळ फोडला, हातोड्याला हळदकुंकू लावलं. मग पदर सावरून ह्यांना म्हणाली, "साहेब, तुमच्यात बोलत्यात तसं दोन शब्द बोला. तुमच्याकडं रोज ऐकायची सवं झालीया."

हे माझ्याकडे वळले. "ह्या बोलतील," ते म्हणाले.

मी जन्मात कधी मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. सगळं गाव जमलेलं. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "प्रभू, हिची शेड चालू दे. हिच्या लेकरांना रविवारी आई भेटू दे. हिला कुणापुढे काम मागायला जावं लागू नये." पुढे काही सुचेना, म्हणून 'आमेन' म्हटलं. तिने माझा हात धरला. तिचा तळवा करवतीसारखा खरखरीत होता.

दारावर तिच्याच नावाची पाटी लागली होती. रंग अजून ओला होता. आमच्या पाटीवर ह्यांचं नाव होतं, आणि तेच राहणार होतं. पेढा तोंडात घोळवत मी ती पाटी बराच वेळ बघत राहिले. प्रार्थना मी मनापासून केली होती, आणि हेवाही तितकाच मनापासून वाटत होता.

"चला," हे म्हणाले, "होडीवाला थांबलाय."

"तुम्ही व्हा पुढं," मी म्हटलं, आणि तिचं छप्पर आतून बघायला आत गेले.