पडीक म्हणे!

मला गावात भांडकुदळ म्हणतात. म्हणोत बापडे. जिच्या गोठ्यात म्हशी आहेत आणि जिचा नवरा खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर असतो, त्या बाईला नुसतं गोड बोलून जगता येत नाही.

पण मला सोलरची वैरीण म्हणायला लागले, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. कारण गावात छपरावर सोलरच्या प्लेटा सगळ्यांत आधी लावल्या त्या मीच. दुधाच्या पैशातून लावल्या. तेव्हा माझा दीर अंगणात उभा राहून हसत होता, "वयनी, आता म्हशी पन उन्हावर चालवनार काय?" आज माझ्या गोठ्यातले दिवे आणि विहिरीची मोटर त्या उन्हावरच चालते. सूर्याशी मी कशाला भांडू?

भांडण होतं माळावरून. कशेळ्याहून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याला आमचा माळ लागतो. आमचा म्हणजे कुणा एकाचा नाही, गावाचा. पाऊस सुरू झाला की तो राखायचा, गवत तुडवायचं नाही. दसरा झाल्यावर गाव मिळून कापणीचा दिवस ठरवतं आणि त्या दिवशी घरटी माणूस विळा घेऊन हजर होतो. त्याआधी माळात पाय टाकायची सरपंचाचीही छाती नाही. हेच गवत आमच्या म्हशींना उन्हाळाभर पुरतं.

कंपनीची माणसं आली वैशाखात. वैशाखात आमचा माळ कसा दिसणार? भुंडा. फोटो काढले, ड्रोन उडवला आणि ठरवून टाकलं, जमीन पडीक आहे, सोलर प्रकल्पाला एकदम झकास. पडीक म्हणे! कुणी मला विचारलं असतं, तर गोठ्यात नेऊन दाखवला असता मी त्यांना त्यांचा पडीक माळ, आढ्यापर्यंत रचलेला. विचारलं कुणीच नाही.

आम्हाला हे कळलं दिराकडून. त्याच्या मुलाला प्रकल्पावर राखणदार म्हणून घेऊ, असं कंपनीच्या साहेबांनी सांगितलं होतं, आणि हा गावभर मिरवत होता. मी तडक त्याच्या ओटीवर गेले.

"भावजी, माळ गेल्यावर म्हशींना काय घालू? प्लेटा?"

"वयनी, देशाचं काम हाय. सगल्या जगात सोलर चाललाय, आनि तुमी आडव्या येता?"

"मग माज्या छपरावर काय हाय? पापड वाळत घातलेत?"

त्याने काही ऐकलं नाही. गावात निम्मे लोक त्याच्यासारखेच बोलत होते.

माझं माहेर खालापूर तालुक्यातलं. खोपोलीला पाण्यावर वीज होते, हे आम्ही शाळेत शिकलो. ती वीज मोठ्या मनोऱ्यांवरच्या तारांतून आमच्या शेतांवरून मुंबईकडे जायची. त्या तारांखाली मी वाकून भात लावलाय, आणि घरी येऊन कंदिलाची काच पुसलीय. जमीन आमची आणि उजेड दुसऱ्याचा, हे मला नवीन नव्हतं. पण तेव्हा मी लहान होते आणि मला कुणी काही विचारलं नव्हतं. आता कोणी विचारो न विचारो, मी बोलणारच होते.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत माळाचा विषय निघणार होता. आदल्या दिवशी बायकांची सभा असते. एरवी आम्ही नळाचं आणि गटाराचं बोलून घरी जातो. त्या दिवशी मी म्हटलं, उद्याची सभा पंचायतीत नको, माळावर घ्या. काय द्यायला निघालात ते डोळ्यांनी तरी बघा.

"ताई, तिथे खुर्च्या कुठे मांडायच्या?" ग्रामसेवक म्हणाले.

"बांदावर बस की," आमच्याच गावच्या ठाकूरवाडीची एक म्हातारी म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या. हसता हसता हातही वर झाले.

दुसऱ्या दिवशी सारा गाव माळाच्या बांधावर बसला. गवत कमरेइतकं वाढलेलं, शेंड्यांना बी धरलेलं. कंपनीचा साहेब गाडीतून उतरला. प्लेटा कुठून कुठपर्यंत येणार हे दाखवायला त्याने नकाशा उघडला आणि सरळ गवतात पाय टाकला.

"ओ सायेब! भायेर या, भायेर! दिवस ठरला नाय अजून!"

ओरडला कोण? माझा दीर. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने. साहेब दचकून मागे आला. दिराला आपण काय बोलून गेलो ते उमगलं आणि तो खाली बघायला लागला. मी अशी संधी सोडणाऱ्यातली नाही.

"साहेब," मी उभी राहिले, "पडीक जमिनीत पाय टाकायला कुणी दिवस ठरवतं का?"

मग बांधभर हात वर झाले. माळ द्यायचा नाही, असं ठरलं. शाळेच्या, समाजमंदिराच्या, पंचायतीच्या छपरावर सोलर हवा आणि आधी ठाकूरवाडीत, जिथे अजून वीज पोचलेली नाही, तिथे उजेड हवा, असंही ठरलं. साहेब म्हणाला, एवढ्याशा छपरांत कंपनीला रस नाही.

"मग आमचं आमी बगू," मागून कुणीतरी म्हणालं.

बघतोच आहोत. शाळेच्या छपरावर प्लेटा बसल्या. ठाकूरवाडीसाठी अजून कर्जतला खेटे घालतोय. थकलेलो नाही.

दिराने मात्र हात वर केला नव्हता. त्याच्या मुलाची नोकरी हुकली, तो आता माथेरानला एका हॉटेलात कामाला जातो. दीर माझ्याशी बोलत नाही. दिवाळीत फराळाचं ताट पाठवलं, ते तसंच परत आलं. मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पण पुन्हा सभा झाली तर पुन्हा हात वर करीन.

कापणी झाली आणि माळ गुरांना खुला झाला. पहिल्याच सकाळी दिराच्या म्हशी माळाच्या मधोमध चरत होत्या. शेजारीण मला म्हणाली, "माळ द्यायला निगाला व्हता, आनि गुरं बग त्याचीच पुढं. हाकल की गं त्यांना!"

मी हाकलल्या नाहीत. माळ त्याचाही आहे. तेच तर मी एवढे दिवस ओरडून सांगत होते.