मीटरवरचं शून्य

गाड्यांच्या बॅटऱ्या आणि चार्जर दुरुस्त करणाऱ्या उस्तादांना दिसत नव्हतं, हे दुकानात फक्त दोघांना ठाऊक होतं. एक खुद्द उस्ताद आणि दुसरी त्यांची धाकटी बहीण. साखरेच्या आजाराने चार वर्षांत दोन्ही डोळ्यांचे पडदे गेले होते. उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढंच कळे. पण उस्तादांनी अशी काही शक्कल लढवली होती, की कुणाला शंकासुद्धा येऊ नये. चार्जर टेबलावर आला, की ते खुर्चीत रेलून फर्मान सोडायचे, "वाच गं मोठ्याने. गिऱ्हाइकालाही कळू दे, आपल्याकडे लपवाछपवी नाही." बहीण मीटरच्या तारा लावून आकडा वाचायची आणि आकड्यावरून उस्ताद दोष सांगायचे. तो चुकायचा नाही. पेटी उघडण्यापासून सोल्डर करण्यापर्यंत बाकी सगळं तीच करायची.

बहीण बावन्न वर्षांची. लग्न मोडून सत्ताविसाव्या वर्षी भावाच्या घरी आली, ती या टेबलाशीच बसली. चुकलं तर डोक्यात टपली बसे, बरोबर आलं तर कौतुक उस्तादांचं होई. "हिच्या हाताला वळण आहे, डोक्याचा मात्र पत्ता नाही," असं ते तिच्यादेखत चारचौघांत सांगत. ती हसायची. हसायची सवयच झाली होती.

त्या दिवशी मालवाहू गाड्यांच्या डेपोतला फोरमन एक चार्जर घेऊन आला. दिवा लागत होता, पण बॅटरी काही भरत नव्हती. डेपोत असे चाळीस चार्जर होते आणि ते कायमचे कुणाकडे सोपवायचे, हे त्याच्याच हातात होतं.

"उस्ताद, काम मोठं आहे," तो म्हणाला. "उद्या तुम्ही आजारी पडलात तर बघणार कोण? या बाई?"

"ही?" उस्ताद खो खो हसले. "हिला पोपटासारखे आकडे तेवढे वाचता येतात. पुढच्या महिन्यात एक शिकलेला माणूस ठेवतोय. मग हिची रवानगी स्वयंपाकघरात. तिथे तरी काय दिवे लावणार आहे म्हणा!"

फोरमन हसला. बहीण या वेळी हसली नाही. पंचवीस वर्षं तिने सगळं गिळलं होतं ते या टेबलापायी. टेबल गेलं, की भावजयीच्या हाताखाली भांडी घासत मरायचं. तिने चार्जरचे स्क्रू काढले.

"फ्यूज?" उस्तादांनी विचारलं.

"चांगला आहे."

"आत येणारी लाइन?"

"दोनशे अठ्ठावीस."

"ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे?"

मीटरवर सोळा दिसत होते.

"शून्य," ती म्हणाली.

उस्तादांनी चाचपत ट्रान्सफॉर्मरवर तळवा ठेवला. तो नेहमीसारखा घुमत होता. जळका वास नव्हता.

"नीट लाव. किती?"

"शून्यच, दादा. आणखी मोठ्याने वाचू?"

उस्ताद घुटमळले. हात एक सांगत होता, आकडा दुसरं. पण फोरमनसमोर वाकून मीटर बघायचं सोंग तरी कसं आणणार? त्यांनी आकड्यावर भरवसा ठेवला आणि ठासून सांगितलं, "आतून वाइंडिंग तुटलंय. ट्रान्सफॉर्मर बदलावा लागेल."

बहिणीने मीटर उचलून फोरमनपुढे धरला. "साहेब, तुम्हीच वाचा."

"सोळा," फोरमन बुचकळ्यात पडला. "मग शून्य कुठून आलं?"

"दादाला विचारा. मीटर त्याच्यासमोरच तर होता."

"अगं, तार हलली असेल..." उस्ताद बोलू लागले. फोरमन त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि टोक त्यांच्या उजव्या डोळ्याच्या अगदी बोटभर अंतरावर नेलं. उस्तादांची पापणी लवली नाही. "हिचं लक्ष नसतं हो," ते त्या टोकाकडे बघत सांगत होते. बहीण समोर उभी होती.

फोरमनने स्क्रूड्रायव्हर दाणकन टेबलावर टाकला तेव्हा उस्ताद दचकले. "वा उस्ताद! इतके दिवस चांगलं मामा बनवलंत आम्हाला!"

"सोळा येतायत म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठणठणीत आहे," बहीण कामाला लागत म्हणाली. "पुढच्या चार डायोडपैकी दोन उडालेत." अर्ध्या तासात तिने ते बदलले आणि बॅटरी जोडली. चार्जरवरचा काटा सहावर जाऊन थांबला; बॅटरी भरू लागली. "चाळीसच्या चाळीस तुमच्याकडे पाठवतो, बाई," असं म्हणून फोरमन गेला.

"का केलंस असं?" उस्तादांनी विचारलं.

"पोपट आहे ना, दादा. बोलतो कधी कधी भलतंच."

शिकलेला माणूस काही आला नाही. उस्तादांना घरी बसवणंही सोपं होतं. पण बहिणीच्या मनात ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. पहिलं गिऱ्हाईक आलं. तिने तारा लावल्या.

"तेरा पॉइंट आठ," ती मोठ्याने म्हणाली. आकडा खरा होता.

उस्तादांनी हात पुढे केला, पेटी चाचपली, हात मागे घेतला.

"खरंच तेरा?" ते हळूच म्हणाले.

"गिऱ्हाईक खोळंबलंय, दादा," ती गोड आवाजात म्हणाली. "सांग ना, काय बिघडलंय?"