अंगाला बसलेला कोट

सकाळी सात चाळीसला फोटोमावशी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात स्टुलावर उभ्या होत्या आणि दोन खिळ्यांमध्ये निळा पडदा ताणत होत्या. खाली बाकावर त्यांची पिशवी उघडी होती. तिच्यात कॅमेरा, पांढरी छत्री, दोरीला बांधलेला कंगवा, पावडरचा डबा, कपडे वाळत घालायचे बारा चिमटे आणि नीट घडी घातलेला गडद निळा कोट होता.

चिमटे कोटासाठीच. मावशींच्या वडिलांनी स्टुडिओ काढला तेव्हा तो शिवून घेतला होता. दुसरं बटण नंतर लावलेलं, बाकीच्यांपेक्षा जरासं मोठं. ज्याला हवा त्यानं घालावा, फोटो काढून घ्यावा आणि परत खुंटीला अडकवावा. त्याचे वेगळे पैसे कधी घेतले नाहीत. नोकरीच्या अर्जांवर, ओळखपत्रांवर, परवान्यांवर आसपासच्या गल्ल्यांतली निम्मी माणसं त्याच कोटात आहेत. लहान मुलाला घालायचा झाला तर पाठीवर चुण्या घेऊन चिमटे लावायचे. समोरून साहेब, मागून वाळत घातलेलं धुणं.

धंद्यात वडिलांचा नियम एकच होता. माणूस दारातून जसा आत येतो तसा फोटोत जाऊ नये, त्याला जसं दिसायचंय तसा जावा. छपन्नाव्या वर्षीही मावशी तोच पाळतात.

शाळेतल्या अठ्ठावन्न मुलांच्या शिक्षणाचा खर्च परदेशातली एक संस्था करते. प्रत्येक मुलामागे तिकडे कुणीतरी एक प्रायोजक असतो, आणि वर्षातून एकदा मुलाचा ताजा फोटो त्याला जातो. नऊ वर्षं हे फोटो मावशी काढत आल्या आहेत. पडदा, पावडर, कंगवा, कोट.

"मावशी, पडदा काढा," दारातून संस्थेचा समन्वयक म्हणाला. तिशीचा मुलगा, गळ्यात ओळखपत्र, हातात छापील कागद. "यंदा बाहेर काढायचेत. पाण्याच्या टाकीपाशी."

"टाकीपाशी? तिथं शेवाळ आहे."

"असू दे. नवीन सूचना आल्यात. फोटो नैसर्गिक हवेत. पडदा नको, पावडर नको, कोट नको. केससुद्धा विंचरायला लावू नका."

"म्हणजे मुलांनी शेंबडं यायचं का? तेही लिहिलंय?"

तो हसला, पण नजर चुकवून. "तिकडून आलंय हो मावशी. मी काय करू?"

मावशी स्टुलावरून उतरल्या. ऑर्डर घेतली आहे, काम करायचं. पडद्याची घडी झाली, कोट पिशवीत तळाशी गेला आणि टाकीपाशी रांग लागली. दोन दिवसांचं काम होतं. आज तीस मुलं, उद्या सत्तावीस.

कंगव्याचं मात्र त्यांना जमलं नाही. तो दोरीसकट टाकीच्या नळाला अडकवून ठेवला आणि त्या लेन्स पुसत बसल्या. मुलांनी ओळीनं आपापले केस विंचरले. समन्वयकानं पाहिलं आणि यादीत तोंड खुपसलं. पोरगा वाईट नव्हता. ही एक गोष्ट मावशींच्या ध्यानात राहिली आणि पुढं उपयोगी पडली.

दहा वाजून दहा मिनिटांनी तिसावं मूल झालं. मागं एक मुलगी उभी होतीच. नववीतली उंचाडी. खरं नाव हजेरीपटात आहे, पण सगळी शाळा तिला उंचाडीच म्हणते, आणि हाक मारली की तीही ओ देते. तिची आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात इस्त्री करते. त्यामुळे तिच्या गणवेशाच्या घड्या पट्टीनं आखल्यासारख्या असतात.

"तुझा नंबर उद्या आहे का गं?"

"माहीत नाही मावशी. कुणी बोलावलंच नाही, म्हणून मीच आले." मग हळू आवाजात, "कोट नाही आणला? आईनं मागच्या वर्षीच्या फोटोला चौकट करून घेतलीय. म्हणते, तू त्यात आमच्या मेट्रनबाईंपेक्षा भारी दिसतेस."

मावशींनी यादी मागितली. एक्केचाळिसाव्या नावावर लाल रेघ होती आणि पुढं 'बंद' असा शिक्का.

"तू जरा वर्गात जा," त्या म्हणाल्या. "मी बोलावते."

ती व्हरांड्यात वळल्यावर त्यांनी समन्वयकाला विचारलं, "बंद म्हणजे काय?"

"मावशी, तुम्ही त्यात..."

"काय विचारलं मी?"

समन्वयकानं पिशवीतून फाइल काढली. तिच्यात प्रायोजकाचं पत्र होतं, त्याखाली इकडच्या भाषेतला तर्जुमा. पत्र सभ्य होतं. मुलीची प्रगती पाहून आनंद झाला, फोटोत ती उत्तम कोटात आणि सुस्थितीत दिसते, तिला आता मदतीची गरज उरलेली दिसत नाही, तेव्हा यापुढची मदत अधिक गरजू मुलाला द्यावी.

मावशींनी ते दोनदा वाचलं. मागच्या वर्षीचा फोटो त्यांना डोळ्यांपुढं दिसत होता. सगळ्या मुलांच्या बाह्या बोटांवर लोंबत होत्या, खांदे उतरले होते. कोट उसना आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. उंचाडीला मात्र तो बसला होता. अंगासरसा, खांद्यांत नेमका, एकही चिमटा न लावता. 'तुझ्यासाठीच शिवलाय गं!' असं मावशीच म्हणाल्या होत्या, आणि ती हसली तेव्हा त्यांनी बटण दाबलं होतं.

"तू तिथंच उभा होतास," त्या म्हणाल्या. "छत्री तूच धरली होतीस. कोट कुणाचा आहे ते तुला माहीत होतं."

"होतं."

"मग कळवलं का नाही?"

"त्यांनी विचारलं नव्हतं मावशी, फक्त निर्णय कळवला होता. प्रायोजकाच्या निर्णयावर आम्ही प्रश्न करत नाही. तसा नियमच आहे."

"आणि हे काय?" फाइलमध्ये पत्राखाली एक फॉर्म होता. मदत थांबवण्याचं कारण: कुटुंबाची परिस्थिती सुधारली.

समन्वयकानं फॉर्मावरच्या चौकटींवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "त्या फॉर्मात चारच कारणं आहेत. मूल वारलं, मूल गाव सोडून गेलं, शिक्षण पूर्ण झालं, परिस्थिती सुधारली. यातलं एक निवडावंच लागतं."

"सुधारली? हिच्या आईनं कधी गिरणी काढली? ती आजही बारा तास इस्त्री धरून उभी असते. पाय बघितलेस तिचे?"

"वार्षिक अहवालात तसंच जातं. स्वावलंबी झालेली कुटुंबं, यंदा अकरा."

"त्यात हे एक."

"हो."

"आणि पोरीला सांगितलंय कुणी? तिच्या आईला?"

"पत्र जाईल. महिन्याअखेरीला फी थांबली की."

मावशींनी फाइल मिटून त्याच्या हातात दिली. त्यांना ओळखणाऱ्या माणसानं एवढ्यानंच चार पावलं मागं घेतली असती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं चोरही कुणी नव्हता. एका मुलीला कोट नीट बसला होता. तेवढ्या गुन्ह्यासाठी तिची शाळा सुटणार होती, आणि ज्यांनी सोडवली त्यांच्या अहवालात तो पराक्रम म्हणून छापून येणार होता.

मग त्यांनी लेन्सला झाकण लावलं. कॅमेऱ्यातून कार्ड काढलं, चष्म्याच्या डबीत ठेवलं, आणि डबी बंद केल्याचा टक आवाज झाला.

"मावशी, हे काय?"

"फोटो तिकडे कधी पाठवायचेत?"

"उद्या संध्याकाळी पाचपर्यंत. म्हणजे... मावशी, असं करू नका. माझी नोकरी आहे."

"तिची शाळा आहे. दुसरा फोटोवाला बघ. उद्यापर्यंत मिळाला तर आजचे तीसही त्याच्याकडून काढून घे."

"नाव परत घालायचा अधिकार मला नाही हो."

"ज्याला आहे त्याला फोन कर. मी बसलेय." आणि त्या टाकीच्या कट्ट्यावर शेवाळ चुकवून बसल्या.

फोन पस्तीस मिनिटं चालला. व्हरांड्यात तो येरझाऱ्या घालत होता. आधी "हो मॅडम, हो मॅडम" ऐकू येत होतं, मग एकदाच, मोठ्यानं, "मॅडम, तो कोट तिचा नाहीये! सगळ्यांनीच तो घातलाय!" मावशींनी मान वर केली. पोरगा खरंच वाईट नव्हता.

परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. "या वर्षाची फी राखीव निधीतून भरतील. नाव 'नव्या प्रायोजकाच्या प्रतीक्षेत' या यादीत घालायचं. पण तिचा नवीन फोटो हवा. घरासमोर, कोटाशिवाय." तो अडखळला. "परिस्थिती दिसली पाहिजे म्हणाल्या."

"भीक नको पण कुत्रं आवर," मावशी म्हणाल्या. "लिहून दे."

यादीच्या शेवटी त्यानं निळ्या शाईनं नाव लिहिलं, सही केली, तारीख घातली. मावशींनी मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढला, मगच डबी उघडली.

उंचाडीला त्यांनीच सांगितलं, सगळं, कोटासकट. मदत बंद होणार होती, आता वर्षभर होणार नाही, पुढचं पुढं. तिनं ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं नाही. कान तेवढे लाल झाले.

"म्हणजे उद्या गरीब दिसायचं," ती म्हणाली.

"उद्या दारात उभं राहायचं. बाकी मी बघते."

"हसू की नको?"

पस्तीस वर्षांत "जरा हसा" हे त्यांनी किती वेळा म्हटलं असेल.

"तुला वाटलं तर हस," त्या म्हणाल्या.

समन्वयकानं घसा साफ केला. "एक राहिलं. दार लावून घ्या. तो चौकटीतला फोटो समोरच्या भिंतीवर असेल तर मागं दिसेल. त्यात कोट आहे."

मावशींनी त्याच्याकडं पाहिलं. मग मुलीला विचारलं, "दार कुठल्या दिशेला आहे तुमचं?"

"पूर्वेला."

"मग दार उघडंच राहील," त्या समन्वयकाला म्हणाल्या. "सकाळचं ऊन तोंडावर असलं की मागची खोली फोटोत काळी येते. आत काय टांगलंय ते तुझ्या मॅडमना दिसणार नाही. पण म्हणून ते भिंतीवरून उतरवायचं नाही."

दुपारी स्टुडिओत परतल्यावर त्यांनी कोट झटकून खुंटीला लावला. एक माणूस परवान्याच्या फोटोसाठी थांबलाच होता. त्यानं न विचारता कोट अंगात घातला, आरशात पाहिलं आणि दुसरं बटण लावलं.

उद्या सूर्य सहा बावीसला उगवतो. उंचाडीच्या आईची कामाची पाळी साडेसातला सुरू होते, म्हणून तिच्या दारातला फोटो पावणेसातला आहे. त्यानंतर सात चाळीसला पाण्याच्या टाकीपाशी उरलेली सत्तावीस मुलं.