मागे बघणारा पोपट

रेशमाच्या दोऱ्याला चव असते. सुईत ओवण्याआधी तो ओठांत धरून ओला करावा, की नव्या रंगाची किंचित तुरट, किंचित कडवट गोडी जिभेवर उतरते. ज्यांनी कधी कशिदा काढला नाही, त्यांना या सुखाची कल्पना कशी यावी?

श्रीमंत पेशव्यांच्या त्या ऐन वैभवाच्या काळात आम्हां पुण्याच्या मुलींना कशिद्याचे वेडच लागले होते. माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, नुकतेच लग्न झाले होते. तिच्या पहिल्या मंगळागौरीला माहेरची चोळी जायची, आणि तिच्या दोन्ही बाह्यांवर पोपट काढायचे काम मी हट्टाने मागून घेतले होते. काकूने कागदाला सुईने टोचून पोपटाचा छाप करून दिला. त्यावर शंखजिऱ्याची पूड चोळली, की खालच्या लाल रेशमावर शुभ्र पोपट उमटे! महिनाभर मी त्यांत हिरवा दोरा भरत होते. दुसऱ्या बाहीला कागद उलटा ठेवायचा असतो, हे मात्र मला कुठे ठाऊक?

चोळी घेऊन मीच ताईच्या सासरी गेले. तिने ती अंगात घातली, तेव्हा उजवा पोपट ऐटीत पुढे बघत होता आणि डावा सरळ पाठीमागे. उसवावा, तर रेशमाला भोके पडणार. बाहेर तर बायका जमलेल्या! ताईच्या सासूबाईंच्या जिभेला सारी सदाशिव पेठ वचकून असे. माझ्यामुळे ताईची शोभा होणार, या विचाराने मला रडू कोसळले.

व्हायचे तेच झाले. हळदीकुंकू लावता लावता सासूबाईंचा हात ताईपाशी थांबला.

"याला मागे काय दिसतंय गं?"

ताई खाली बघत म्हणाली, "सासूबाई, एक आपल्या घराकडे बघतो. दुसरा जरा माहेराकडे बघतो."

साऱ्या बायकांच्या नजरा सासूबाईंकडे वळल्या.

"बघू दे. मान अवघडली की वळेल पुढे," सासूबाई म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडे सरकल्या. केवढा हशा पिकला! मीही डोळे पुसत हसले.

चार दिवसांनी त्यांच्याकडून माझ्या नावाने जांभळे रेशीम आले. त्या पन्नाशीच्या करारी बाईंनी स्वतःच्या चोळीसाठी निरोप धाडला होता, "पोपट काढ. दोन्ही मागे बघणारे."